रविवारच्या शाळेत विशेष गरजांचं मूल : तयारी कशी करायची

खानदेशातल्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या शाळेला (मुलांच्या बायबलच्या वर्गाला) वेगळ्या खोल्या नसतात. एकच हॉल, एकच सतरंजी, पाच वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची सगळी पोरं एकत्र. शिकवणारी ताई स्वतः कॉलेजला जाणारी, नाहीतर आठवडाभर नोकरी करून रविवारी सकाळी धावत आलेली. नवापूरकडची मावची-भिल्ल मंडळी असो की भुसावळच्या रेल्वे वस्तीतली, चित्र फारसं वेगळं नाही. अशा वर्गात चालता न येणारं, बोलता न येणारं, एका जागी न बसणारं किंवा फिट येणारं मूल आलं की ताईच्या पोटात गोळा येतो. मग ते मूल आईच्या मांडीवर, मागच्या दाराशी बसतं. मध्येच ओरडलं की चार माना वळतात. काही आठवड्यांनी आई उपासनेला येणंच बंद करते, आणि तिच्याबरोबर अख्खं घर सुटतं.

हा लेख त्या ताईसाठी आणि मंडळीतल्या तरुण संघाच्या दादांसाठी आहे. तज्ज्ञ शिक्षक मिळेपर्यंत थांबू नका. इथे लागणाऱ्या बहुतेक गोष्टी एक वही, थोडा वेळ आणि दोन विश्वासू माणसं एवढ्यात होतात. फक्त एक प्रश्न पहिल्या रविवारपासून मनात ठेवा : या वर्गात या मुलाचं काम काय? मूल गप्प बसलं म्हणजे आपलं काम झालं, असं समजू नका. गप्प तर ते घरीही बसतं.

आपल्या वर्गात असं मूल नाहीच, असं वाटत असेल तर पुन्हा एकदा बघा. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. अंधत्व, कर्णबधिरता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं), स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक दिव्यांगता हे चटकन आठवतात. पण वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजारही त्याच यादीत आहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी मंडळीत सिकलसेल नसलेला वर्ग शोधावा लागेल.

आधी घरी जा

पहिली भेट चर्चच्या दारात नको, घरी हवी. पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) सांगून, शक्यतो दोघी-दोघांनी जा, आणि आई कामावरून आलेली असेल अशी वेळ धरा. घरात आजी असेल तर तिच्याशीही बोला. मुलाचा दिवस कसा जातो हे अनेकदा आजीलाच जास्त माहीत असतं. घरात अहिराणी, मावची किंवा पावरी बोलत असतील तर ती भाषा येणारं कुणीतरी बरोबर घ्या. मुलाला घरच्या भाषेतले चार शब्द समजत असतील आणि आपण वर्गात पुस्तकी मराठीत सूचना देत राहिलो, तर त्याला काहीच कळत नाही असा खोटा निष्कर्ष निघतो.

काय विचारायचं? आजाराचं नाव शेवटी. आधी हे विचारा : त्याला काय आवडतं? कशाने घाबरतो? शी-शू लागली की कसं सांगतो? दुखलं, भूक लागली, कंटाळा आला, हे तुम्हाला कसं कळतं? चिडला की घरी काय केल्यावर शांत होतो? गोळ्या कुठल्या, किती वाजता? फिट येते का, शेवटची कधी आली? काय खाताना ठसका लागतो? आणि आईला स्वतंत्रपणे विचारा : रविवारी तुम्हाला काय हवंय? बऱ्याच आयांचं उत्तर एकच असतं, एक तास प्रवचन ऐकायला मिळावं. वर्गाची पहिली जबाबदारी मग तिथेच ठरते.

काही प्रश्न मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. गरोदरपणात काही झालं होतं का, घराण्यात कुणाला आहे का, कुणाच्या पापामुळे झालं असेल का. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बघून नेमकं हेच विचारलं, आणि येशूने त्याच्यावर किंवा त्याच्या आईबापांवर पापाचं बोट ठेवायला साफ नकार दिला. या घरांनी ते बोट गावातून, नात्यातून आणि कधीकधी मंडळीतूनही सोसलेलं असतं. आपल्या भेटीत त्यांना ते पुन्हा दिसायला नको.

प्रार्थना जरूर करा, मुलाचं नाव घेऊन करा. पण अमुक दिवसांत बोलायला लागेल, चालायला लागेल असं देवाच्या नावाने कबूल करू नका. आणि विश्वास आहे तर गोळ्या कशाला, असं कुणी सुचवत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर आधीपेक्षा मोठी, न थांबणारी फिट येऊ शकते आणि जीव जाऊ शकतो. हे पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून एकदा स्पष्ट सांगितलं तर फार बरं, कारण घरच्या वडीलधाऱ्यांवर त्यांच्या शब्दाचं वजन पडतं.

आणखी एक. घरी ऐकलेलं घरीच राहू द्या. आईबापांची परवानगी नसेल तर मुलाचं नाव आणि आजार प्रार्थना-विषयांच्या यादीत, व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा माइकवरून जाऊ नये.

एक पान लिहा

भेटीहून आल्यावर वहीत एक पान तयार करा. लांबलचक माहिती कुणी वाचत नाही. एक नमुना देते :

‘वय 9. बोलत नाही, पण ऐकलेलं कळतं. घरी मावची. पाण्यासाठी गळ्याला हात लावतो. शू लागली की पँट ओढतो, लगेच न्यावं लागतं. ढोलकीचा आवाज आवडतो, माइकची शिट्टी सहन होत नाही, कान झाकतो. कान झाकले की दोन मिनिटांत बाहेर न्यावं, नाहीतर स्वतःला चावतो. बाहेर पायरीवर बसलं की शांत होतो. गोष्टी मोजायला, रांगेत लावायला आवडतात. फिट नाही. शेंगदाणे देऊ नये. आईचा मोबाइल नंबर मागे.’

वाचल्यावर दोन गोष्टी लगेच सुचतात. माइकपासून लांब, दाराजवळ बसवायचं. आणि रांगेत लावायला आवडतं, तर गीतांची पुस्तकं मांडायचं काम याचंच. दर रविवारी वर्ग सुरू होण्याआधी तो पुस्तकं सतरंजीवर एका ओळीत मांडेल आणि तो मांडेपर्यंत वर्ग सुरू होणार नाही. एखादं पुस्तक कमी पडलं तर त्याच्या लक्षात सगळ्यात आधी येईल.

तीन महिन्यांतून एकदा आईबरोबर बसून हे पान पुन्हा लिहा. मुलं बदलतात, गोळ्या बदलतात.

सोबती

एका मुलामागे एक सोबती, हे सगळ्यात उपयोगी पडणारं पाऊल आहे. तरुण संघातली दोन माणसं निवडा आणि आलटून-पालटून ठेवा, म्हणजे एकाच्या परीक्षा आल्या की दुसरा असतो. उत्साही माणसापेक्षा धीराचा माणूस बरा.

मुलाच्या मोठ्या बहिणीला हे काम देऊ नका. आपल्याकडे हे न बोलता तिच्यावर येऊन पडतं. घरी आठवडाभर तीच बघते, शाळेत ने-आण तीच करते, रविवारीही तीच. तिलाही वर्गात मैत्रिणींमध्ये बसू द्या, वचन पाठ करू द्या, तिच्यासाठीही हा एक तास आहे.

सोबत्याला पुढच्या गोष्टी सांगा. मुलाच्या समोर बसू नकोस, बाजूला बस. एक सूचना एका वेळी दे, आणि दिल्यावर मनात दहा आकडे मोज. बऱ्याच मुलांना ऐकलेलं समजून उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो, आपण मात्र तिसऱ्या सेकंदाला तेच पुन्हा मोठ्याने सांगतो आणि त्याचा गोंधळ वाढतो. हात धरून ओढू नकोस. नजरेला नजर दे म्हणून हनुवटी उचलू नकोस. स्वमग्न मूल दुसरीकडे बघत असतानाही नीट ऐकत असतं. सलाम करायला हात पुढे आला नाही तर हसून पुढे जा. आणि त्याला जे जमतं ते तू करू नकोस. बूट घालायला पाच मिनिटं लागत असतील तर पाच मिनिटं लागू देत.

जागा, आवाज, ऊन

पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आणि भुसावळ-जळगाव-चाळीसगाव पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या परदेशी मिशनरी संस्थांनी काम उभं केलं. त्या काळातली काही उपासना मंदिरं दगडी, उंच जोत्याची आहेत. देखणी आहेत, पण चाकाच्या खुर्चीला चढता येत नाहीत. उताराचं साधं गणित असं : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. जोतं दीड फूट असेल तर उतार अठरा फूट लागेल. जागा कमी असेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन वळवा. तीन-चार फुटांचा खडा उतार बांधून नावापुरतं काम केलं तर खुर्ची मागे कलंडते, तो न बांधलेलाच बरा. खर्च मंजूर होईपर्यंत मुलाला उचलून वर नेण्याऐवजी सगळा वर्गच खाली, व्हरांड्यात किंवा कडुनिंबाखाली घ्या. उचलायचीच वेळ आली तर आधी मुलाला विचारा, आणि खुर्ची चाकाला किंवा हाताच्या दांड्याला नाही, सांगाड्याला धरा.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला सतरंजीवर तोल सांभाळतच सगळी ताकद घालवावी लागते. हात असलेली खुर्ची आणि पाय टेकायला पाटाचा आधार द्या. तो एकटाच उंच दिसू नये म्हणून आणखी दोन-तीन मुलांना खुर्च्या द्या. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढे बसवा आणि ताईने खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये, तिचा चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसत नाहीत. गीताच्या वेळी त्याचा तळहात ढोलकीच्या बाजूला टेकवू द्या, ताल अंगात पोहोचतो.

आवाजाचं काय करायचं? ढोलकी, खंजिरी, टाळ्या आणि वर स्पीकर, हे सगळं पत्र्याच्या हॉलमध्ये एकत्र झालं की काही मुलांना ते अक्षरशः टोचतं. मुलांच्या वर्गात स्पीकर नकोच. कान झाकणारे जाड हेडफोन बाजारात मिळतात, एक जोड वर्गात ठेवा. एक शांत कोपरा ठरवा : चटई, पाण्याची बाटली, हातात धरायला काहीतरी. तो कोपरा शिक्षेसाठी कधीही वापरू नका.

आणि ऊन. मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा भरते, तेव्हा जळगाव-भुसावळला पारा 44-45 वर असतो. वर्ग सकाळी सातला सुरू करून दहाच्या आत संपवा. मैदानी खेळ पहिल्या तासात घ्या. सिकलसेलच्या आणि फिट येणाऱ्या मुलांना उन्हात पळवून नंतर सावरत बसण्यापेक्षा सगळ्या वर्गासाठीच दर अर्ध्या तासाला पाण्याची सुट्टी ठेवा.

एक धडा, वेगवेगळी मुलं

चार मित्रांनी पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडलं, ही मार्काच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट घेऊ. जवळजवळ प्रत्येक वर्गात ती शिकवली जाते.

आधी वर्गाचा क्रम चित्रांत लावा. पाच कार्डं पुरतात : गीत, प्रार्थना, गोष्ट, काम, खाऊ. दोरीवर चिमट्याने टांगा. एक झालं की ते कार्ड काढून डब्यात टाकायचं काम एका ठरलेल्या मुलाचं. पुढे काय होणार हे दिसत असलं की निम्मी बेचैनी आपोआप कमी होते, आणि याचा फायदा सगळ्याच लहान मुलांना होतो.

गोष्ट सांगताना खरी वस्तू आणा. एक गोधडी, चार दोऱ्या, थोडी माती, थोड्या काटक्या. न दिसणाऱ्या मुलीच्या हातात आधी गोधडी द्या, चार कोपरे चाचपू द्या, दोरी बांधू द्या. छप्पर उकरलं म्हणजे काय, हे तिला मातीत हात घालूनच कळेल, आणि इतरांनाही तसंच जास्त कळेल. ज्याला एका जागी बसवत नाही त्याला दोरीच्या एका टोकाला उभं करा. बोलता न येणाऱ्या मुलासाठी मोबाइलमध्ये एक वाक्य रेकॉर्ड करून ठेवा, ‘ऊठ, आपली बाज उचल.’ गोष्टीत ती जागा आली की बटण तो दाबेल. सगळा वर्ग त्याच्या बोटाकडे बघत थांबलेला असेल.

आता एक गोष्ट मनापासून सांगते. चालता न येणाऱ्या मुलाला या नाटिकेत खाटेवरचा माणूस करू नका. सोयीचं वाटतं, बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणीही येतं, पण त्या मुलाच्या वाट्याला पुन्हा एकदा उचलून नेलं जाणंच येतं, आणि नाटकात तो उठतो तेव्हा खऱ्यात तो तिथेच असतो. त्याला घरमालक करा, छप्पर फुटलं म्हणून ओरडू द्या. किंवा चार मित्रांपैकी एक करा, खाट कुठून न्यायची ते सांगणारा.

आणि हा धडा घेताना तो मुलगा मनात काय विचारत असेल, याची तयारी करून जा. त्याला बरं केलं, मला का नाही? लहान मुलं हे उघड विचारतात. तुझा विश्वास कमी पडला, हे उत्तर कधीही देऊ नका. मला माहीत नाही, असं म्हणता येतं. येशूने त्या माणसाकडे बघून पहिला शब्द चालण्याबद्दल काढला नाही, त्याला ‘मुला’ म्हणून हाक मारली, हे दाखवता येतं. प्रेषित पौलाच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, तीनदा मागूनही निघाला नाही आणि त्याची सेवा थांबली नाही, हेही सांगता येतं. मूल नऊ वर्षांचं असलं तरी खरं उत्तर त्याला पेलतं.

वचन-पाठांतराबद्दल थोडं. आळीपाळीने बायबल मोठ्याने वाचायची पद्धत आपल्याकडे आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला आपली पाळी येईपर्यंतची ती पाच मिनिटं फार जड जातात, आणि मग तो त्या तासाला पोट दुखतंय म्हणून बाहेर जातो. त्याचं वचन त्याला शनिवारीच कळवा, किंवा वाचणारे हात वर करतील असं ठेवा. मोबाइलवर मराठी बायबल ऐकता येतं, पाठांतर ऐकूनही होतं. कुणी पूर्ण वचन म्हणेल, कुणी एक शब्द, कुणी खूण करून दाखवेल. नाताळच्या कार्यक्रमात बक्षीस देताना हे तिन्ही पाठांतरच धरा. कर्णबधिर मुलांसाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहे. सगळ्या वर्गाने आठवड्याला दोन खुणा शिकल्या तर वर्षभरात त्या मुलाशी बोलणारं कुणीतरी तयार होतं.

फिट आली तर

मुलाला कुशीवर वळवा. डोक्याखाली ओढणी किंवा शाल घडी करून ठेवा. गळ्याजवळचं बटण सैल करा. आजूबाजूच्या खुर्च्या सरकवा. घड्याळ बघा. बाकीच्या मुलांना सोबत्याने शांतपणे बाहेर न्यावं.

काय करू नये तेही तितकंच महत्त्वाचं आहे, कारण गर्दीतून सल्ले धडाधड येतात. कांदा हुंगवू नका, चप्पल हुंगवू नका, हातात किल्ल्या देऊ नका. दातांत चमचा घालू नका, दात तुटतात, आपली बोटं चावली जातात. पाणी पाजू नका. हातपाय दाबून धरू नका. मोठ्याने ओरडून, डोक्यावर हात दाबून सैतान घालवायची प्रार्थना करू नका. फिट हा मेंदूचा आजार आहे. शेजारी बसून हळू आवाजात प्रार्थना करायला कुणाचीच हरकत नाही.

फिट पाच मिनिटांत थांबली नाही, एकामागून एक येत राहिली, पहिल्यांदाच आली असेल किंवा मार लागला असेल तर 108 ला फोन. थांबल्यावर मूल गुंगीत असतं, झोपू द्या. कपडे ओले झाले असतील तर कुणाला न दिसता बदला. कपाटात एक जोड ठेवलेला असावा.

सिकलसेल

इथे बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून मूल आळशी ठरतं. सिकलसेलच्या मुलाला पाणी कमी पडलं, थंडी वाजली, खूप दमणूक झाली किंवा ताप आला की रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, पोटात, छातीत भयंकर कळा येतात. त्याची बाटली नेहमी भरलेली ठेवा. पाणी जास्त म्हणजे लघवीलाही वारंवार, तेव्हा परवानगी मागायला लावू नका. डिसेंबरात पहाटे कॅरोल गात फिरताना त्याला स्वेटर आणि गाडी हवी.

ताप 101 फॅरनहाइटच्या वर, छातीत दुखणं किंवा धाप, अचानक पांढरं पडणं, पोट डाव्या बाजूला फुगणं, शरीराची एक बाजू लुळी पडणं, यातलं काहीही झालं तर वर्ग सोडून थेट रुग्णालय. प्रार्थना गाडीत करा. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै 2023 पासून चालू आहे आणि तपासणी सरकारी केंद्रांत होते. तरुण संघात लग्नाची बोलणी सुरू होण्याआधीच सगळ्यांनी तपासून घ्यावं. दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसून त्याचा दोष रक्तात असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मंडळीत हा विषय लाज न बाळगता बोलला पाहिजे.

ओरडणं, पळणं, मारणं

मूल मुद्दाम त्रास देतंय, हे आधी मनातून काढा. प्रत्येक वेळी वहीत तीन गोष्टी लिहा : आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. चार-पाच नोंदी झाल्या की धागा सापडतो. दर वेळी प्रार्थनेलाच पळतो? प्रार्थना लांब होते. दर वेळी खाऊच्या आधी मारतो? भूक लागलीय आणि सांगता येत नाही. मग उपाय सोपा असतो, प्रार्थना छोटी करा, खाऊचं कार्ड त्याच्या हातात द्या.

भडका उडालाच तर शब्द कमी करा. एकच माणूस बोलेल, हळू आवाजात. बाकीच्यांनी बघत उभं राहू नये. शांत झाल्यावर लगेच माफी मागायला लावू नका, त्याला अजून काही सुचत नसतं. आणि आईला दर वेळी हॉलमधून बोलावून आणू नका. तिने प्रवचन ऐकावं, हे आपण ठरवलं होतं.

इतर मुलांना लांबलचक समजावण्याची गरज पडत नाही. त्याला मोठा आवाज सहन होत नाही, म्हणून आपण हळू बोलतो, एवढं पुरतं. चिडवाचिडवी मात्र पहिल्याच वेळी थांबवा.

तरुण संघ

तेरा-चौदा वर्षांनंतर बहुतेक मंडळ्यांत एक चूक होते : बौद्धिक दिव्यांग मुलाला लहानांच्याच वर्गात ठेवतात, कारण त्याला तिथलं कळतं. मिसरूड फुटलेला मुलगा सहा वर्षांच्या पोरांत बसून रंग भरत राहतो. त्याला त्याच्या वयाच्या मुलांत न्या आणि धडा सोपा करा. क्रिकेट, शिबिर, नाताळची सजावट, यात त्याचं नाव इतरांबरोबर कागदावर यावं. दानाची थैली फिरवणं, दारात स्वागत, खुर्च्या लावणं, गीताचे क्रमांक फळ्यावर लिहिणं, ही खरी कामं आहेत. एकदा दिलं की दर रविवारी द्या; पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी दुसऱ्याला देऊ नका.

वयात येण्याबद्दल त्यांच्याशी बोलणारं सहसा कुणीच नसतं. मुलीला पाळीबद्दल आईने आणि एका विश्वासू ताईने चित्रांतून आधीच सांगावं. मुलांना आणि मुलींना दोघांनाही शिकवा : अंगाला कुणी कुठे हात लावायचा नाही, आपणही कुणाला विचारल्याशिवाय मिठी मारायची नाही. लहानपणी सगळ्यांना मिठ्या मारणारं मूल गोड वाटतं, सतराव्या वर्षी तेच त्याच्या अंगाशी येतं. सवय दहाव्या वर्षापासून लावा.

नियम सक्त हवेत. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत कधीच नाही. शौचालयात मदत लागणार असेल तर कोण करणार हे आईबापांबरोबर आधी ठरवा, आणि आसपास दुसरी मोठी व्यक्ती असावी. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, लपवणं गुन्हा आहे. मंडळीची बदनामी होईल म्हणून पंचांत मिटवायचा हा विषय नाही. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन

पंथानुसार रीत वेगळी, पण प्रश्न सारखेच. मुलाला प्रश्नोत्तरं पाठ म्हणता येत नाहीत म्हणून त्याला वर्षानुवर्षं थांबवू नये. येशू तुझा कोण, या प्रश्नाला कुणी क्रुसाकडे बोट दाखवून उत्तर देतं, कुणी छातीवर हात ठेवून. ते ग्राह्य धरायचं का, हे पाळकसाहेबांनी आणि मंडळीच्या वडीलजनांनी त्या मुलाबरोबर वेळ घालवून ठरवावं, कागदावरून नाही.

नदीत बुडवून बाप्तिस्मा असेल तर दोन सावधगिऱ्या. सिकलसेल असलेल्याला हिवाळ्यातल्या सकाळी गार पाण्यात उतरवू नका. दुपार निवडा किंवा कोमट पाण्याची टाकी करा, आणि लगेच कोरडे, उबदार कपडे द्या. फिट येणाऱ्याबरोबर पाण्यात दोन माणसं हवीत आणि त्या दिवशीची गोळी चुकलेली नसावी. प्रभुभोजनात भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस देतात; गिळायला त्रास असलेल्या मुलाला कोरडा तुकडा देऊ नका, रसात भिजवून अगदी बारीक द्या, तो सरळ बसलेला असताना. जे सेवा देतात त्यांना हे आधी माहीत असावं, म्हणजे वेदीपुढे कुजबुज होत नाही.

कागदपत्रं

मंडळी इथे मोठं काम करू शकते, कारण अनेक घरांना चकरा परवडत नाहीत. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. फोन चालवता येणारा तरुण अर्ज भरेल, दुसरा तपासणीच्या दिवशी बरोबर जाईल. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वर्षं वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि एसटीच्या साध्या बसमध्ये तिकिटात 75 टक्के सवलत मिळते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता यांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना एक लाखापर्यंतचा खर्च देते. याच चार प्रकारांत मूल 18 वर्षांचं झाल्यावर कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. आईबापांच्या पश्चात काय, या चिंतेने झोप उडालेल्या घरांना हे आवर्जून सांगा.

लहान मुलाबद्दल शंका असेल, दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही, हाकेला बघत नाही, तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. हा कार्यक्रम 2013 पासून आहे, तपासणी मोफत असते आणि गरज पडल्यास पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतात. मोठं होईल तसं सुधारेल म्हणत पहिली तीन-चार वर्षं घालवली तर भरून काढणं अवघड जातं.

वही पुढे द्या

पाळकसाहेबांची बदली होते, ताईचं लग्न होऊन ती सुरतेला जाते, आणि दोन वर्षांत जमवलेलं सगळं तिच्याबरोबर जातं. म्हणून जाण्याआधीचे किमान चार रविवार नव्या शिक्षकाने वर्गात बाजूला बसून बघावं, मुलाच्या घरी दोघांनी मिळून जावं आणि वही आईबापांच्या समोर हातात द्यावी. शेवटच्या पानावर जुन्या ताईने एवढं लिहून ठेवावं : या मुलाचं वर्गातलं काम कोणतं, ते किती वाजता सुरू होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही.